एकतिसावं मशीन

पाण्याच्या कचेरीच्या फाटकातच दोघांची टक्कर झाली, आणि तीही छत्रीवरून.

पाऊस असा कोसळत होता की समोरची इमारत कोणी पुसून टाकल्यासारखी दिसत होती. तिने लॅपटॉपची बॅग तान्ह्या लेकरासारखी छातीशी धरली होती आणि छत्री बॅगेवर. स्वतःच्या पाठीचं काय होतंय याचा विचार तिने बसमधून उतरतानाच सोडून दिला होता. तेवढ्यात डावीकडून कोणीतरी थेट तिच्या छत्रीखाली घुसलं. म्हणजे एक लांबलचक नळकांडं घुसलं. ते धरणारा माणूस बाहेरच होता, नखशिखान्त भिजत.

"माफ करा हं," तो म्हणाला, "मला जागा नको. याला द्या. आत कागद आहेत."

"माझ्याकडे मशीन आहे."

"मशीन वाळतं."

"कोणी सांगितलं तुम्हाला?" ती थांबलीच. "मशीन वाळत नाही, मरतं!"

"मग असं करू…" त्याने डोळ्यांवरचं पाणी झटकलं. "तुमचं मशीन आत, माझे कागद आत, आणि आपण दोघं बाहेर. चालेल?"

न चालायला काय झालं? बॅग आणि नळकांडं छत्रीखालून ऐटीत कोरडी गेली, आणि दोन शहाणीसुरती माणसं दोन्ही बाजूंनी निथळत पायऱ्यांपर्यंत पोहोचली. त्याने खिशातून रुमाल काढला. आधी नळकांडं पुसलं, मग तोंड. ते तिने पाहिलं. आवडलं तिला. आणि आवडलं म्हणून जरा रागही आला, कारण सोमवारी सकाळी सव्वानऊला असलं काही आवडून घ्यायला ती इथे आली नव्हती.

ती आली होती कामाला. त्या कचेरीत एकतीस मशीनं होती, सगळी लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारी. प्रत्येकावर एक छोटं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. क्लायंट म्हणतात त्याला. ते बसलं आणि नीट मांडलं, की मशीन मुख्य सर्व्हरशी बोलू लागतं. मग एका टेबलावरचा नकाशा दुसऱ्या टेबलावर दिसतो, रस्त्यावर खड्डा खणणाऱ्या टोळीच्या हातातल्या टॅबवरही दिसतो. काम ठेक्याचं होतं. ती ठेकेदाराकडे तीन महिन्यांच्या बोलीवर लागली होती आणि तिसरा महिना संपत आला होता.

कचेरीच्या मुख्य अभियंता बाईंनी तिला मोजून चार वाक्यांत सगळं सांगितलं. "शुक्रवार दुपारी बारा. तोवर जे मशीन जोडलं जाणार नाही, ते बंद करून गोदामात टाकणार. मला सबबी नकोत. चहा उजव्या हाताला मिळेल."

मंगळवार संध्याकाळपर्यंत तिने तीस मशीनं हातावेगळी केली. पॅकेज उतरवायचं, सर्व्हरचा पत्ता द्यायचा, माणसाचं लॉगिन घालायचं, एकदा बंद करून चालू करायचं, की हिरवी अक्षरं येत: जोडलं गेलं. लोक तिला नेटवर्कवाली म्हणू लागले. बुधवारी सकाळी ती तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत गेली, तर दारात तोच नळकांडंवाला उभा. दोन्ही हात चौकटीला लावून.

"तुम्ही!" ती म्हणाली.

"कागद कोरडे राहिले. आभार," तो म्हणाला. "पण आत येऊ देणार नाही."

"का?"

"मागच्या वेळी एकाने असंच काहीतरी बसवलं होतं. 'दोनच मिनिटं' म्हणाला. दोन मिनिटांत माझ्या चार महिन्यांच्या दुरुस्त्या गेल्या. कुठे गेल्या ते त्यालाही सांगता आलं नाही. तेव्हापासून दोन मिनिटांवर माझा विश्वास नाही."

हसण्यावारी न्यायचा सूर नव्हता तो. त्याच्यामागे भिंतभर नकाशे होते. निळ्या रेघा, लाल खुणा, बारीक अक्षरांतल्या टिपा. तो नकाशे काढणारा. शहराखालून जाणारी प्रत्येक जलवाहिनी, तिच्यावरचा प्रत्येक व्हॉल्व्ह त्याने जुन्या फिटरांबरोबर पायी फिरून, खड्ड्यात उतरून नोंदवला होता. अकरा वर्षं चाललं होतं ते. आणि ती अकरा वर्षं त्या एका म्हाताऱ्या मशीनमध्ये होती.

तिने बॅग खाली ठेवली. "मी दोन मिनिटं म्हणणारच नाही," ती म्हणाली. "तीन दिवस म्हणते. आधी तुमचा एकूण एक नकाशा वेगळ्या डिस्कवर उतरवू. तुम्ही स्वतः तपासा. तुम्ही 'हं' म्हणाल, मगच मी मशीनला हात लावेन."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर शुक्रवारी हे मशीन गोदामात जाईल. मग तुम्हीही तिथेच स्टूल टाकून बसा."

त्याने मग चौकटीवरचा एक हात काढला. थोड्या वेळाने दुसरा.

नकाशे निघाले चार हजार दोनशे बारा. उतरवायला दुपार झाली, आणि तपासायला तो मुद्दाम सगळ्यांत अवघड नकाशे सांगू लागला. तो आकडा म्हणे, ती डिस्कवरून उघडून दाखवी. त्याला प्रत्येकाची गोष्ट माहीत होती.

"हा व्हॉल्व्ह चिंचेच्या मुळात अडकलाय. झाड आधी की व्हॉल्व्ह आधी, यावर फिटरांची भांडणं व्हायची. आणि हा…" त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं, "हा चांभाराच्या दुकानाच्या पायरीखाली. पायरी उचलली की चांभार शिव्या देतो, ठेवली की चहा देतो."

"हेही लिहिलंय टिपेत?"

"वाचा ना."

तिने वाचलं. खरंच लिहिलं होतं: पायरी जपून ठेवणे, चहा मिळतो. ती हसली, आणि हसू आवरेना म्हणून पाणी प्यायला उठली.

"हसलात की तुम्ही उजवीकडे बघता," तो मागून म्हणाला.

"नकाशात नोंद करणार आहात का?"

"जागा शोधतोय," तो म्हणाला. आणि लगेच मान खाली घालून माउस उगाचच हलवत बसला. कान मात्र लाल झाले होते.

संध्याकाळी घरी आत्या शिवणयंत्रावर बसली होती. आईवडील दुसऱ्या गावी. नोकरीसाठी ती आत्याकडे राहत होती. आत्याने उभं आयुष्य लोकांची मापं घेतली होती, त्यामुळे माणूस पाहताक्षणी तिला कळे की हा कुठे सैल आहे आणि कुठे घट्ट.

"आज काय विशेष?" आत्याने दोरा तोडत विचारलं.

"काही नाही. एकतिसाव्या मशीनचं काम जरा चिवट आहे."

"हो का? उंच आहे का?"

"काय?"

"मशीन गं."

"आत्या!"

"मी आपलं विचारलं," आत्या म्हणाली आणि यंत्राचं पायडल मारू लागली. "चष्मा आहे का, तेही विचारणार होते. राहू दे."

गुरुवारी सकाळी त्याने 'हं' म्हटलं, आणि खरी लढाई सुरू झाली. त्याचं नकाशे काढायचं सॉफ्टवेअर जुन्या लिनक्सवरच चाले. नवा क्लायंट जुन्या लिनक्सवर बसेना. लिनक्स नवं घातलं तर नकाशे उघडणार नाहीत. जुनं ठेवलं तर मशीन जोडलं जाणार नाही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

तिने क्लायंटची पाच वर्षांपूर्वीची आवृत्ती हुडकून काढली. तयार पॅकेज मिळालं नाही, नुसता मूळ कोड मिळाला. मग तो त्याच मशीनवर कंपाइल करायला, म्हणजे त्या मशीनला चालेल असा घडवायला घेतला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावत, मध्येच अडखळत, एखादी फाइल नाही म्हणून रुसून बसत. ती फाइल शोधली की दुसरी रुसे. तो बाजूच्या स्टुलावर बसून पाहत होता. मदत करता येत नव्हती म्हणून त्याने तिला पेन्सिली टोकून दिल्या. आठ. तिला एकीचीही गरज नव्हती.

अडीचला कंपाइल झालं. क्लायंट बसला. तिने पत्ता दिला, लॉगिन घातलं, श्वास रोखून एंटर दाबलं…

परवानगी नाकारली.

पुन्हा. परवानगी नाकारली. पासवर्ड तपासला, त्याचं सर्व्हरवरचं नाव तपासलं, केबल बदलली. त्याचंच लॉगिन शेजारच्या खोलीतल्या मशीनवर घातलं तर सुरळीत चाललं. परत येऊन इथे घातलं, तर तीच एक ओळ. कारण नाही, खुलासा नाही.

चारला तिच्या ठेकेदार साहेबांचा फोन आला. आवाज इतका मोठा की स्टुलावरही ऐकू जात होतं. "तीस झाली ना? मग झालं! एक जुनाट डबडं सोडून दे. बाईंशी मी बोलतो. सोमवारपासून तुला नव्या कामावर घेतो, पक्की. आज संध्याकाळी आवरून ये."

ती खिडकीशी गेली. काचेवरून थेंब ओघळत होते. पक्की… हा शब्द ऐकायला ती तीन महिने राबली होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"साहेब, काम एकतीसचं घेतलंय," ती म्हणाली. "उद्या बाराला एकतीस झाल्याचं सांगते."

"आणि नाही झालं तर?"

"तर ते पण मीच सांगेन."

फोन ठेवून ती वळली, तर तो उभा राहिला होता.

"माझ्यासाठी असलं काही करू नका," तो हळूच म्हणाला. "खरंच. नकाशे डिस्कवर आहेत. मी गोदामात स्टूल टाकीन."

"तुमच्यासाठी कोण करतंय?" ती फणकाऱ्याने खुर्चीत बसली. "मला या मशीनशी हिशेब चुकता करायचाय."

ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

शुक्रवारी ती आली तेव्हा तो आधीच येऊन बसला होता. कालच्या ओळीकडे दोघांनी एकत्र पाहिलं, जसं हट्टी पाहुण्याकडे पाहतात. तो म्हणाला, "साडेनऊ झाले. अडीच तास आहेत."

तिने सवयीने फोन पाहिला. "नऊ बावीस झालेत."

"इथे साडेनऊ आहेत." त्याने स्क्रीनचा कोपरा दाखवला.

ती मग खुर्चीसकट पुढे सरकली. "हे घड्याळ… पुढे आहे?"

"आठ मिनिटं. मीच ठेवलंय."

"तुम्ही… मुद्दाम?"

"वडील पडले होते मागच्या वर्षी. कमरेचं हाड. दिवसा त्यांच्याकडे एक नर्सताई असतात, त्या सहाला जातात. मी नकाशात डोकं घातलं की वेळेचं भान राहत नाही, बस चुकते, आणि बाबा एकटे पडतात. म्हणून घड्याळ पुढे केलं. ते पुन्हा आपोआप बरोबर होत होतं, तर तेही बंद करून टाकलं." तिचा चेहरा पाहून तो थबकला. "का? काही… बिघडलं का?"

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रडते की हसते, त्याला कळेना.

"सर्व्हर पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतो," ती बोटांआडून म्हणाली. "त्याहून जास्त असेल तर माणूस खोटा समजून हाकलून देतो. काल अख्खी दुपार मी केबली बदलत होते… आणि तुम्ही पेन्सिली टोकत होतात!"

"मला वाटलं पेन्सिल लागेल."

आता मात्र ती मोकळेपणी हसली, आणि कुठे बघतेय याची फिकीर न करता. मग घड्याळ सर्व्हरशी जुळवलं. तो कोपऱ्यातले आकडे बदलताना पाहत राहिला, तेव्हा तिने आणखी एक छोटी सोय केली: रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी पडदाभर पाटी येईल, 'बाबा वाट बघतायत'. ती बंद केल्याशिवाय एकही रेघ मारता येणार नाही.

"हे सर्व्हरला चालेल?"

"हे मला चालेल," ती म्हणाली आणि एंटर दाबलं.

हिरवी अक्षरं आली. जोडलं गेलं.

 त्याचा हात टेबलावर होता, तिचा त्याच्यापासून एका पेन्सिलीच्या अंतरावर. अंतर तेवढंच राहिलं, पण दोघांनाही ते नीट मोजता आलं असतं.

नकाशे सर्व्हरवर पाठवायचे बाकी होते. "एकेक पाठवीन," तो म्हणाला, "सवय होऊ द्या." तिने घाई केली नाही.

अकराला टेबलावरचा फोन वाजला. रस्त्यावरच्या टोळीचे मुकादम होते, सगळे त्यांना दादा म्हणत. मागे पाण्याची अशी गर्जना होती की त्यांचे शब्द तुटून येत होते. "हॉस्पिटलच्या चौकात… मोठी वाहिनी फुटली! तळघरात पाणी शिरतंय… औषधांची खोली आहे तिथे! व्हॉल्व्ह सापडत नाही… आमच्या नकाशात रस्त्याच्या मधोमध दाखवलाय, इथे तर नुसतं डांबर!"

"दादा, तो जुना नकाशा!" तो ओरडला. "रस्ता रुंद झाला तेव्हा व्हॉल्व्ह सरकवला! फुलवाल्याच्या ओट्याखाली आहे, डाव्या कोपऱ्यापासून…"

"काय? कुठला कोपरा?"

"तिथे तीन आहेत दादा! भलता फिरवलात तर हॉस्पिटलचंच पाणी बंद होईल! डावा… डावा!"

"ऐकू येत नाही रे!"

तिने त्याची बाही ओढली. "नकाशा पाठव! सर्व्हरवर टाक, दादांच्या टॅबवर दिसेल."

त्याने नकाशा उघडला. बोट एंटरवर गेलं आणि तिथेच थांबलं. तिला समजलं. मागच्या वेळीही असंच एक बटण दाबलं गेलं होतं.

"गेलं तर?" तो पुटपुटला.

"गेलं तर डिस्कवर आहे. आणि मी इथे आहे. दाब तू."

त्याने दाबलं.

पट्टी भरू लागली. अर्धी… पाऊण… फोनमध्ये पाणी घोंघावत होतं. मग दादांचा आवाज आला, असा की जणू कोणी अंधारात दिवा हाती दिला: "दिसलं! ओटा दिसला, तिन्ही दिसतायत… लालवाला ना?"

"लालवाला! चहाच्या पातेल्याच्या झाकणाएवढं झाकण आहे!"

"पोरांनो, पहार आणा!"

मग ते दोघं नुसते ऐकत बसले. ओटा सरकल्याचा आवाज. लोखंडावर लोखंड. दादा फेरे मोजू लागले… वीस… चाळीस… साठ. पाण्याची गर्जना खाली आली, मग खळखळ झाली, आणि मग फोनमध्ये चक्क पक्ष्यांचा आवाज ऐकू आला.

बाराला पाच कमी असताना मुख्य अभियंता बाई स्वतः वर आल्या. त्यांनी हिरवी अक्षरं पाहिली, यादीतल्या शेवटच्या ओळीवर खूण केली आणि तिला म्हणाल्या, "तुमच्या साहेबांना फोन केला होता. म्हटलं, ही मुलगी तुम्हाला नको असेल तर आम्हाला हवी आहे. ते म्हणाले, नको कोण म्हणतंय! तुम्ही त्यांच्याकडे पक्क्या झालात." आणि जाता जाता त्याला, "उरलेले चार हजार आजच पाठवायला घ्या."

तिने केबल गुंडाळली, बॅग भरली. सोमवारपासून नवी इमारत, नवी मशीनं. तो नळकांडं काखेत घेऊन निघाला होता. वाहिनी फुटली की जागेवर जाऊन मापं घ्यायची हा त्याचा नेम. दारात थांबला.

"मघाशी मला 'तू' म्हणालात," तो म्हणाला.

"घाईत होते."

"आता घाई नाही." मग धीर करून, "येता… येतेस का? चौक बघायला?"

"चल," ती म्हणाली.

चौकात चिखलाचा नुसता काला झाला होता. खणलेल्या चरावर एक फळी टाकली होती आणि बाजूला तळघरातलं पाणी उपसणारा पंप कर्कश धडधडत होता. फुलवाला ओट्याशिवाय उभ्याउभ्याच गिऱ्हाईक करत होता. तो मापं घेत होता, ती फीत धरत होती. ऊन पडलं होतं, त्याच्या चष्म्यावर चिखलाचा एक ठिपका होता, आणि ती विचार करत होती की हे काम संपलं की तो कचेरीत जाईल, ती साहेबांकडे जाईल, आणि मग?

आजवर एकही काम तिने 'बघू पुढे' म्हणून सोडलं नव्हतं. हेच का सोडायचं?

तो फळीच्या मधोमध वाकला होता. ती फळीवर चढली.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली.

"काय?" त्याने कानाला हात लावला. पंप धडधडत होता.

"म्हटलं, मला तू आवडतोस!"

"काय? पंप…"

ती आणखी एक पाऊल पुढे गेली. फळी कुरकुरली. तिने त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली, कान स्वतःकडे ओढला आणि एकेक शब्द मोजून म्हणाली, "तू. मला. आवडतोस. रोज भेटायचंय मला तुला. तुझ्या बाबांनाही भेटायचंय. ऐकू आलं?"

"पहिल्यांदाच आलं होतं," तो म्हणाला.

ती बघतच राहिली. "मग तीनदा का ओरडायला लावलंस?"

"असं मला कोणी कधी म्हटलं नव्हतं गं," तो म्हणाला. "एकदाच ऐकून कसं भागेल? आणि मला तर बुधवारपासून सांगायचं होतं, धीर होत नव्हता. मलाही तू… म्हणजे, खूप…"

"काय? पंप चालू आहे."

"आवडतेस!" तो इतक्या जोरात ओरडला की फुलवाल्याने वळून पाहिलं.

फळीच्या पलीकडून दादांनी हाक मारली, "अरे, प्रेम करायचं तर जमिनीवर येऊन करा! फळी दोघांची नाहीये!"

तो आधी उतरला. वळून त्याने हात पुढे केला. तिने धरला, चर ओलांडला, आणि पलीकडे कोरड्या जमिनीवर पोहोचल्यावरही दोघांपैकी कोणालाच तो सोडायचं सुचलं नाही.